हार्प्सचे मैदान आणि आपले ‘बॅचलर’



परदेशातल्या मराठी मंडळांवर टीका करणे हा आपल्यासारख्या स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा जुना उद्योग आहे आणि त्यात आता नवीन काही उरलेले नाही. तीच नाटके, तीच हळदीकुंकवे, तोच मोदकांचा हिशेब. म्हणून या वेळी मंडळांकडे जरा आडवळणाने यावे म्हणते. लिहायचे आहे ते एका परक्यांच्या क्लबाविषयी.

कुवेतमध्ये ‘कुवेत हार्प्स’ नावाचा गेलिक फुटबॉलचा क्लब आहे. हार्प हे वीणेच्या जातीचे तंतुवाद्य. आयर्लंडचे राष्ट्रचिन्ह तेच. आखातात असे बरेच आयरिश क्लब आहेत: दुबई सेल्ट्स, अबू धाबी ना फियाना, बहरीनचे अरेबियन सेल्ट्स, कतार गेल्स. थंडीच्या मोसमात ही मंडळी विमानाने एकमेकांच्या शहरांत जातात, दिवसभर छोटे छोटे सामने खेळतात आणि परत येऊन कामाला लागतात. खेळणारे बहुतेक शाळाशिक्षक, परिचारिका, इंजिनिअर. पुरुषही खेळतात, बायकाही.

हा खेळ आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या बोटांवर उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर बहुधा एक. मूळ खेळ पंधरा जणांचा, पण परदेशात माणसे कमी म्हणून सात-नऊ-अकरा जणांतही भागवतात. खांद्याला खांदा भिडतो, माणसे पडतात, उठतात. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला त्यात परके वाटण्यासारखे काही नाही.

खरे तर या खेळाचा इतिहासही आपल्याला परका वाटू नये. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक नावाच्या शिक्षकाने आणि इतर मूठभर लोकांनी ‘गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ स्थापन केली. तिला सगळे जीएए म्हणतात. इंग्रजांचे खेळ इंग्रजांच्या क्लबांत, इंग्रजांच्या मर्जीने खेळण्यापेक्षा आपले खेळ आपल्या नियमांनी खेळावेत, एवढी साधी भूमिका. त्याच्या चारच वर्षे आधी, १८८० साली, आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला लोकांनी वाळीत टाकले आणि त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. पुढे टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ आला तो याच शब्दाचा अनुवाद. म्हणजे एकाच हवेत दोन्हीकडे विचार चालू होता. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पुणे, सातारा, बडोदे इथे बसून लोकांनी देशी खेळांचे नियम बांधले. खो-खोसाठी डेक्कन जिमखान्याने पुढाकार घेतला, हुतूतूची कबड्डी झाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली.

सुरुवात एवढी सारखी. मग आयरिश माणूस कुवेतला आला तर सोबत मैदान घेऊन येतो आणि मराठी माणूस आला तर सोबत रंगमंच घेऊन येतो, असे का झाले?

उन्हाचे कारण कोणी देऊ नये. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबा केंद्रावर ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केले, हे खरे. पण ते जुलैत. नोव्हेंबर ते मार्च इथली हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी असते आणि तेवढे पाच महिने हार्प्सना पुरतात. पबचे कारणही चालत नाही. कुवेतमध्ये दारूबंदी आहे, आणि आयरिश क्लब पबवाचून जगत नाही या समजुतीला इथे चांगलाच छेद मिळतो. जागेचे तर बोलूच नका. त्यांना फुटबॉलचे अख्खे मैदान लागते. कबड्डीला तेरा मीटर बाय दहा मीटर पुरतात. कुवेतमधल्या वाळूत तेवढी जागा कुठेही मिळते.

माझे उत्तर वेगळे आहे. आपल्या मंडळाचा घटक कुटुंब आहे, त्यांच्या क्लबाचा घटक एकटा माणूस आहे. बाकीचे सगळे यातून निघते.

एकट्या माणसाचा हा विचार त्यांना कुवेतमध्ये सुचलेला नाही. इथे आलेले आयरिश सुस्थितीतले आहेत. मेहबुलाच्या कामगार वस्तीत आयरिश माणूस राहत नाही, तेव्हा कुवेतमध्ये त्यांचे दार उघडे असण्यात फार मोठा त्याग नाही. ती सवय त्याआधीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश पुरुष इंग्लंडला रस्ते, बोगदे, इमारती बांधायला गेले. बायकामुले गावी, स्वतः भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण, शुक्रवारी हातात रोख पगार आणि शनिवार-रविवार रिकामा. अशा माणसासाठी लंडनमधला, मँचेस्टरमधला क्लब हा खेळ तर होताच, शिवाय नोकरीची खबर होता, खोलीचा पत्ता होता, आजारपणात कोणीतरी विचारायला येण्याची खात्री होती. गावातल्या मूळ क्लबाकडून रीतसर बदलीचा कागद यायचा. आजही येतो, परदेशात खेळण्यासाठी मूळ क्लबाने मोकळे करावे लागते. मला हा कागद फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही निघालात हे गावात कोणीतरी लिहून ठेवते आणि पोचलात हे परदेशात कोणीतरी लिहून घेते.

ही साखळी किती लांब गेली त्याचे एकच उदाहरण देते. १९४७ साली अखिल आयर्लंड फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना चक्क न्यूयॉर्कला, पोलो ग्राउंड्सवर, खेळवला गेला. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात देश सोडून गेलेल्यांच्या स्मरणार्थ. कॅव्हनने केरीला हरवले. रणजी करंडकाचा अंतिम सामना दुबईत घ्यायचे आपल्याला कधी सुचले असते का? आज आयर्लंडबाहेर जीएएचे चारशेच्या आसपास क्लब आहेत. २०१५ च्या मार्चमध्ये त्यांच्या जागतिक स्पर्धा अबू धाबीत झाल्या. आणि एवढा पसारा असून पगारी खेळाडू एकही नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस सोमवारी शाळेत गणित शिकवायला जातो.

आता आपल्याकडे येऊ. आखातात राहणाऱ्यांना ‘बॅचलर’ शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही, पण अमेरिका-इंग्लंडातल्या वाचकांसाठी सांगते. इथे बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. बायको आणि तीन मुले गावी ठेवून आलेला पन्नाशीचा माणूसही बॅचलर. कुटुंब इथे आणण्याइतका पगार नसला की माणूस बॅचलर होतो. जानेवारी २०२४ मध्ये कुवेतने ही पगाराची अट महिना ८०० दिनारांवर नेली, म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक. काही व्यवसायांना सवलत आहे, पण मुख्य गोष्ट तीच. बॅचलरला काही इमारतींत घर मिळत नाही, काही बागांत सुटीच्या दिवशी प्रवेश मिळत नाही. ‘फक्त कुटुंबांसाठी’ ही पाटी इथली रोजची आहे.

आणि आपण मराठी माणसे आखातात मंडळ काढतो तेव्हा नकळत हीच पाटी आपल्याही दारावर लावतो. वर्गणी कुटुंबामागे. कार्यक्रम कुटुंबाचे: मुलांची नाच-गाणी, बायकांचे मंगळागौरीचे खेळ, जोडप्यांच्या स्पर्धा. हॉल शहरात, जिथे बस वेळेवर जात नाही. कोणी कोणाला ‘येऊ नका’ म्हणत नाही. म्हणावेच लागत नाही. एकटा आलेला माणूस त्या हॉलमध्ये कुठे बसेल, कोणाशी बोलेल? शेवटच्या रांगेत बसून जेवण झाले की जाईल, आणि पुढच्या वेळी येणार नाही.

आमच्या संस्थेच्या बसवर एक चालक आहेत. संगमेश्वरकडचे. सुरुवातीची दोन वर्षे मी त्यांच्याशी हिंदीत बोलत होते आणि ते मला मॅडम म्हणत होते. एकदा फोनवर घरच्यांशी बोलताना त्यांची भाषा कानावर पडली आणि त्या दिवसापासून मी ताई झाले. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर जुनी खूण आहे. विचारले तर म्हणाले, “कबड्डीची आहे ताई. जिल्ह्यापर्यंत खेळलोय. पकड चांगली होती माझी.” मी म्हटले, दादा, इथे कधी खेळलात? ते हसले. “इथं कोणाबरोबर खेळणार? आमच्या खोलीत दोन बिहारचे, एक आंध्रचा, एक नेपाळी. मराठी लोक असतात म्हणतात गणपतीला, पण तिकडं सगळी फॅमिलीवाली.” अकरा वर्षे झाली त्यांना कुवेतला येऊन. आमच्या ओळखीतली मराठी मंडळी जिथे जमतात ती जागा त्यांच्या खोलीपासून चार किलोमीटरवर आहे.

कोकणातून इकडे येणे नवे नाही. तेल सापडायच्या आधीपासून कुवेतची गलबते मुंबईला जात, इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६१ साली दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता. रत्नागिरी-रायगडची माणसे, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ, आपल्यासारखे डिग्रीवाले येण्याच्या कितीतरी आधी आखातात आली. ‘कुवेतमधले मराठी’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे ती येत नाहीत, कारण ती आपल्या हॉलमध्ये येत नाहीत. हा पुरावा उलटा लावायचा प्रकार आहे. प्रयोगशाळेत असे कोणी केले तर त्याचा निबंध परत पाठवला जाईल.

आता जरा टोचणारी गोष्ट. आपण, म्हणजे डिग्री घेऊन बाहेर पडलेला वर्ग, कबड्डीपासून लांब गेलो ते कुवेतला आल्यावर नव्हे. ते पुण्या-मुंबईतच झाले. कबड्डी जगवली ती लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी, नायगावच्या आणि कोळीवाड्यांच्या मंडळांनी, सांगली-कोल्हापूरच्या तालमींनी, कोकणातल्या वाड्यांनी. ‘बुवा’ साळवींसारख्या माणसाने जन्म त्यात घातला म्हणून १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत ती पोचली. आम्ही त्या काळात काय करत होतो? मी शाळेत खो-खो खेळत होते आणि बरी खेळत होते. दहावीचे वर्ष आले, घरी सांगितले गेले की आता पुरे, आणि ते पुरे झाले ते कायमचे. आपल्यापैकी बहुतेकांची कहाणी हीच असणार. क्रिकेट तेवढे राहिले, कारण ते दुरून खेळता येते.

कबड्डी दुरून खेळता येत नाही. समोरच्याला हात लावावा लागतो, कमरेत मिठी मारावी लागते, मांडी धरावी लागते, घाम अंगाला लागतो. ज्या समाजात शिवण्या-न शिवण्यावर माणसाची किंमत ठरत होती तिथे या गोष्टीचा अर्थ वेगळा आहे. पळवणकर बाळू हा आपला पहिला मोठा गोलंदाज. पुण्यात हिंदूंच्या संघात घेतला तो इंग्रजांना हरवायचे म्हणून, पण मैदानाबाहेर चहा त्याला वेगळ्या मातीच्या कपात मिळत होता. त्याच्या भावाला, विठ्ठलला, हिंदू संघाचे कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडले. क्रिकेटमध्ये हे जमू शकले, कारण चेंडू दोघांच्या मध्ये असतो. कबड्डीत मध्ये काही नसते. बसचा चालक आणि संशोधन संस्थेतला विभागप्रमुख एका रेषेत हाताची साखळी करून उभे राहिले की साहेब कोण हे शिट्टी वाजेपर्यंत तरी विसरावे लागते. आपल्याला मंडळात कबड्डी नको असते त्याचे खरे कारण गुडघेदुखी नसून हे असावे असा माझा संशय आहे. (वजनाची मर्यादाही आहेच. मोठ्यांच्या पुरुष गटात ८५ किलो. आपले निम्मे पदाधिकारी तिथेच बाद.)

याच खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर काय झाले ते पाहा. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत हरवले आणि इराणच्या मुलींनी अंतिम फेरीत. त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, नाशिकच्या. डोक्याला रुमाल बांधून, भाषा शिकून त्यांनी तिथे संघ घडवला. नाशिकची बाई इराणला कबड्डी शिकवू शकते, आणि कुवेतमधले मराठी लोक आठवड्यातून एकदा कबड्डी खेळू शकत नाहीत, याला हवामान जबाबदार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, मराठी. अभिनंदनाचे निरोप आपण सगळ्यांनी पुढे ढकलले. पुढे ढकलण्यापलीकडे काही केले का?

आयरिश लोकांची आरती ओवाळायचा माझा हेतू नाही. जीएएनेही कडवेपणा भरपूर केला. ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्याला, नुसता बघायला जाणाऱ्यालासुद्धा, बाहेर काढण्याचा नियम त्यांच्याकडे १९७१ पर्यंत होता. डग्लस हाइड या आयरिश भाषेच्या मोठ्या पुरस्कर्त्याला, देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष असताना, १९३८ साली त्यांनी आश्रयदात्यांच्या यादीतून वगळले, कारण तो पदाचे कर्तव्य म्हणून एका साध्या फुटबॉल सामन्याला हजर राहिला! उत्तर आयर्लंडच्या पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना सभासदत्व नाकारणारा नियम २००१ साली गेला. बायकांच्या फुटबॉलची संघटना १९७४ मध्ये निघाली तीही वेगळी, आणि ती एकत्र आणण्याचे काम अजून चालू आहे. अस्मितेच्या नावाने काय काय होऊ शकते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्यांनी ते नियम एकेक करून वाद घालून, मतदान घेऊन काढले. लेखी घटना होती म्हणून काढता आले. आपल्या दारावरची पाटी कुठे लिहिलेलीच नाही, मग काढणार कशी?

मंडळांचे ऋणही नाकारत नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि पुढच्या दोन महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे मायदेशी नेले गेले, तेव्हा याद्या करणे, बस मिळवणे, वाळवंटात पाणी पोचवणे हे काम इथल्या भारतीयांनी स्वतः उभे केले. २०२० च्या एप्रिलमध्ये जलीब आणि मेहबुला या वस्त्या पूर्ण बंद झाल्या तेव्हाही अनेकांनी शिधा पोचवला. संकटात आपण जातो, हे मान्य. पण संकटात आपण शिधा देणारे असतो आणि ते घेणारे असतात. मैदानावर तसे नसते.

१२ जून २०२४ ला पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या एका इमारतीला आग लागली आणि ४५ च्या आसपास भारतीय गेले. त्यांतले निम्म्याच्या आसपास केरळचे. त्या दिवशी दुपारपर्यंत नावांच्या याद्या फिरत होत्या आणि मी त्या वाचत होते, आडनावे बघत. मग लक्षात आले की यादीत ओळखीचे नाव असायला आधी ओळख असावी लागते. त्या इमारतीत संगमेश्वरची, चिपळूणची, बीडची चार माणसे असती, तर आपल्यापैकी कोणाला कळले असते? कोणाकडे त्यांचा खोली क्रमांक होता, घरचा फोन होता? बदलीचा तो आयरिश कागद मला त्या दिवशी आठवला.

तेव्हा मंडळ मोडा वगैरे मी म्हणत नाही. नाटके करा, मोदक करा, मीही येते. एवढेच करून पाहू: या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर शुक्रवारी सकाळी सात ते नऊ, कबड्डी आणि खो-खो. वर्गणी माणशी, तीही चहापाण्यापुरती. कुटुंब असण्याची अट नाही, मराठी बोलण्याचीही नाही. खोलीतला नेपाळी मित्र आला तर त्याला घ्यायचे. मैदान मेहबुला-मंगफच्या बाजूला, म्हणजे गाडी आपण चालवायची आणि त्यांनी चालत यायचे. मोठा जमाव झाला तर परवानगी लागते. ती अडचण आली तर ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनी त्या वापरायच्या. बायकांसाठी आखणी बारा बाय आठची. घरकाम करणाऱ्या बायकांनाही आठवड्याची सुटी २०१५ च्या कायद्याने दिलेली आहे, ती घरातून प्रत्यक्ष मिळते का हे पाहायला आपल्याच घरांपासून सुरुवात करता येईल. एक वही ठेवायची: नाव, गाव, खोली, घरचा फोन.

संगमेश्वरच्या दादांना विचारले आहे. शिकवायला तयार आहेत, पण शुक्रवारी त्यांची पाळी एक आड एक असते. म्हणून त्यांना एक जोडीदार हवा. कोणाच्या ओळखीत, कुठल्याही कंपनीच्या बसवर, गेटवर, गोदामात कबड्डी खेळलेला माणूस असेल तर कळवा. चुन्याची आखणी मी करते, मोजपट्टी माझ्याकडे आहे.